चालक बदलतात, उतार तोच राहतो

पुण्यात नवले पुलाजवळ मोठा अपघात झाला की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत एक वाक्य हमखास असतं : ‘ब्रेक निकामी झाल्याने चालकाचे वाहनावरील नियंत्रण सुटले.’ या वाक्यापाशी बहुतेकांची चौकशी संपते. चालकावर गुन्हा दाखल होतो, क्रेन येऊन चेंदामेंदा झालेली वाहनं बाजूला करते, वाहतूक सुरळीत होते. मी एसटीत चालक होतो. निवृत्त झाल्यापासून नऱ्ह्यात, महामार्गाच्या सेवा रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर राहतो. त्यामुळे या वाक्याबद्दल मला बोललंच पाहिजे. ब्रेक निकामी होतो हे खरं आहे. चालक चुकतो हेही खरं आहे. पण निरनिराळ्या राज्यांतले, निरनिराळ्या मालकांकडचे, म्हातारे-तरुण सगळे चालक वर्षानुवर्षं एकाच पट्ट्यात येऊन चुकत असतील, तर दोष त्या पट्ट्याचाही आहे. चालकाला शिक्षा जरूर करा. पण रस्ता सुधारल्याशिवाय आमच्या दारातले मृत्यू थांबणार नाहीत.

ज्यांचं इकडे येणं होत नाही त्यांच्यासाठी रस्ता आधी सांगतो. हा राष्ट्रीय महामार्ग ४८, जुन्या लोकांच्या तोंडचा चार नंबर. बेंगळुरू, कोल्हापूर, साताऱ्याकडून मुंबईला जाणारी गाडी खेड-शिवापूरचा टोलनाका ओलांडते, कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडते, मग जांभूळवाडी, दरी पूल, स्वामीनारायण मंदिर असं करत नऱ्ह्याला येते. पुढे नवले पूल, वडगाव, वारजे. बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचं अंतर साधारण आठ किलोमीटर आणि त्यातला बराचसा भाग उताराचा. उतार शंभर मीटरला चार मीटरच्या आसपास. ऐकायला किरकोळ वाटतो. मोटारीत बसलेल्या माणसाला तर तो जाणवतही नाही.

२० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री याच उतारावर एका ट्रकचा ताबा सुटला. एकामागून एक वाहनं आदळत गेली आणि सुमारे ४८ वाहनांचं नुकसान झालं. चालकाने उतारावर इंजिन बंद ठेवून गाडी सोडली होती, असं तेव्हा तपासात पुढे आलं. त्यानंतर पाहण्या झाल्या, रम्बलर बसले, फलक लागले, अतिक्रमणं हटवली गेली, वेगमर्यादा खाली आली. तीन वर्षांनी, १३ नोव्हेंबर २०२५ च्या संध्याकाळी, एक कंटेनर त्याच उतारावरून वाहनांना धडका देत आला. दोन अवजड वाहनांच्या मध्ये एक मोटार चिरडली, आगीचा लोळ उठला आणि आठ जणांचा जीव गेला. धूर आमच्या गच्चीवरून दिसत होता. पुन्हा पाहण्या झाल्या. वेगमर्यादा ताशी ३० किलोमीटरपर्यंत उतरवण्यात आली. या दोन तारखांच्या मधल्या छोट्या-मोठ्या अपघातांची बातमी आतल्या पानावर चार ओळींत येते. आम्ही मात्र तो प्रत्येक अपघात कानाने ऐकलेला असतो.

हा उतार इतका फसवा का, हे गाडी चालवणाऱ्याला चटकन कळेल. खंबाटकी, वरंधा, कुंभार्ली या घाटांतून मी भरलेली गाडी नेली आहे. घाट चालकाला सावध ठेवतो. वळणं येतात, एका बाजूला दरी दिसते, समोरून गाडी येते, पाय आपोआप ब्रेककडे आणि हात गिअरकडे जातो. आमच्या वेळचे वस्ताद सांगायचे : ज्या गिअरमध्ये घाट चढायचा, त्याच गिअरमध्ये उतरायचा. इथे मात्र घाट संपला असं वाटत असतानाच खरा उतार लागतो. बोगदा मागे पडलेला असतो, समोर सरळ, रुंद, गुळगुळीत रस्ता, खाली पुण्याचे दिवे. रात्रभर गाडी हाकलेल्या माणसाला वाटतं, पोहोचलो. आणि त्याच क्षणी तो गाडी न्यूट्रल करतो.

न्यूट्रल का करतो? डिझेल वाचवायला. मालक लिटरचा हिशेब मागतो, वाचलेल्या डिझेलवर चालकाचे दोन पैसे सुटतात, असा जुना समज आहे. हा समज मुळातच चुकीचा आहे. गाडी गिअरमध्ये असेल आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढला असेल, तर आजच्या इंजिनांत डिझेलचा पुरवठा तुटतो, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू राहायला थोडं का होईना डिझेल लागतंच. म्हणजे बचत नाहीच, उलट इंजिन गाडीला जे मागे ओढून धरतं तो आधार गेला. काही जण तर इंजिनच बंद करतात. अवजड गाडीचे ब्रेक हवेवर चालतात आणि ती हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनवर फिरतो. इंजिन बंद म्हणजे टाकीत आहे तेवढीच हवा. दर वेळी पाय दाबला की त्यातली थोडी कमी होते. स्टिअरिंगही जड होतं.

राहिला ब्रेकचा ड्रम. तो तापतो. लायनर तापून पकड सोडतात, ड्रम फुगतो, पाय तळाला टेकतो आणि गाडी मात्र धावतच राहते. आमच्या इमारतीतल्या एका तरुण अभियंत्याने मला कागदावर हिशेब मांडून दाखवला. भरलेला ट्रक या उतारावरून एकाच वेगाने एक किलोमीटर खाली आणायचा, तर वारा आणि टायर जेवढं रोखतात ते वजा करूनही ब्रेकना जी ऊर्जा जिरवावी लागते, ती ताशी ६० किलोमीटरने धावणारा तोच ट्रक दोनदा पूर्ण थांबवण्याएवढी असते. एका किलोमीटरला दोनदा, आणि उतार अनेक किलोमीटरचा. संध्याकाळी सेवा रस्त्यावर उभं राहिलं की जळक्या लायनरचा उग्र वास येतो. ज्याने आयुष्यभर जड गाडी चालवली त्याला तो वास लगेच ओळखू येतो. तो आला की मी रस्त्याकडे बघतो, कुठल्या गाडीच्या चाकातून धूर निघतोय का ते. बहुतेक गाड्या निभावून जातात. एखादी निभावत नाही.

एवढं ऐकल्यावर कोणीही म्हणेल, मग दोष चालकाचाच की. त्याला नीट शिकवा, पकडा, दंड करा. हे करावंच लागेल, त्यात दुमत नाही. पण रस्ता सुधारला की माणसं वाचतात हे याच महामार्गावर आणि याच जिल्ह्यात दिसलेलं आहे. खंबाटकीचा बोगदा ओलांडून पुण्याकडे येताना जे इंग्रजी एस आकाराचं वळण होतं, तिथे किती जीव गेले ते या मार्गावरचा प्रत्येक चालक सांगेल. २०१८ साली मजुरांनी भरलेला एक टेम्पो तिथे उलटला आणि पंधराहून अधिक माणसं गेली. तिथेही चालकाचीच चूक काढता आली असती. पण शेवटी वळणच जीवघेणं आहे हे मान्य झालं आणि ते टाळणाऱ्या नव्या बोगद्यांचं काम हाती घेतलं गेलं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचंही तसंच. २०१६ साली तिथे दीडशेच्या आसपास माणसं मेली होती. मग ठिकाणं मोजून, कठडे बदलून, उघडे खांब झाकून, थांबलेल्या गाड्या हटवून, वेगावर नजर ठेवून काम झालं आणि पुढच्या काही वर्षांत मृत्यूंचा आकडा बराच खाली आला. चालक तेच होते, मालकही तेच होते.

स्वीडनच्या संसदेने १९९७ सालीच हे तत्त्व धोरण म्हणून स्वीकारलं : माणूस चुकणार हे धरूनच रस्ता बांधायचा, आणि त्या चुकीची किंमत मरण असता कामा नये. आपल्या एसटीतल्या माणसाला हे परकं वाटायचं कारण नाही. पायाचा ब्रेक असताना हँडब्रेक का ठेवतात? एक चुकला तर दुसरा हवा म्हणून. रस्त्यालाही असा दुसरा ब्रेक लागतो, एवढंच आमचं म्हणणं आहे.

आता वरून येणाऱ्या गाड्यांचं बाजूला ठेवून खाली राहणाऱ्यांचं सांगतो. नऱ्हे, आंबेगाव, वडगाव, धायरी ही गावं महामार्गाच्या कितीतरी आधीची. रस्ता आला तेव्हा तो शहराच्या बाहेरून जाणारा बाह्यवळण मार्ग होता. आज तो शहराच्या मधोमध आहे. आंबेगाव आणि धायरी २०१७ मध्ये पुणे महापालिकेत गेली, नऱ्हे २०२१ मध्ये. इमारती उभ्या राहिल्या, महाविद्यालयं आली, रुग्णालयं आली, छोटे कारखाने आले. सकाळी मुलं शाळेला, बायका कामाला, कामगार पाळीला निघतात तेव्हा त्यांना या महामार्गाला समांतर जावं लागतं किंवा तो ओलांडावा लागतो. त्यांच्यासाठी असलेला सेवा रस्ता सलग नाही. थोडा चालतो, मग अरुंद होतो, मग कुठे पार्किंग, कुठे राडारोडा, कुठे चेंबर वर आलेलं, आणि एके ठिकाणी सरळ मुख्य महामार्गात घुसतो. म्हणजे दुचाकीवर पोराला मागे बसवून भाजीला निघालेली बाई आणि चाळीस टनांचा कंटेनर एकाच लेनमध्ये.

मग लोक काय करतात? उलट्या दिशेने येतात. पुढच्या पुलापर्यंत जाऊन वळसा घालण्यापेक्षा विरुद्ध बाजूने दोनशे मीटर काढलेलं बरं, असं त्यांना वाटतं. मी त्यांना रोज रागावतो. पण लांबचा वळसा आणि धोक्याचा जवळचा रस्ता यांत रोजच निवड करायला लावली, तर घाईतला माणूस जवळचाच रस्ता घेणार. पोलिसांनी पावती फाडली तर तो दुसऱ्या दिवशी पोलीस नसतील ती वेळ बघून येईल. सलग सेवा रस्ता असेल, तर उलटं यायचं कारणच उरत नाही.

संध्याकाळनंतर नवले पुलाच्या आसपास कोणीही येऊन बघावं. कोल्हापूर, सांगली, बेंगळुरूला जाणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या गाड्या लागायला सुरुवात होते. बसायला जागा नाही, उभं राहायला थांबा नाही, म्हणून माणसं साइडपट्टीवर उभी असतात. बॅगा, पिशव्या, गावाकडे निघालेली म्हातारी, कडेवरचं पोर. गाडी आली की अर्ध्या लेनमध्ये थांबते, क्लीनर दारात उभा राहून नावं पुकारतो, माणसं धावतात. मागून येणारी गाडी शेवटच्या क्षणी उजवीकडे घेते. रिक्षा आडव्या लागलेल्या असतात, कारण उतरलेल्या प्रवाशाला घरी तर जायचंच असतं. या गर्दीच्या अंगावर तो उतार सुटतो. वरून ब्रेक गेलेली गाडी आली तर तिला आदळायला रिकामी जागाच नाही.

पादचाऱ्यांचं तर विचारूच नका. दुभाजकाच्या कठड्याला एके ठिकाणी वाकवून फट पाडलेली आहे. कामावरून परतणाऱ्या बायका तिथून ओलांडतात. परवा मी बघत उभा होतो. डोक्यावर डबे-पिशव्या घेतलेल्या दोघी मजूर बायका, एकीच्या हाताला सहा-सात वर्षांची मुलगी. आधी तिघी कडेला थांबल्या. एक ट्रक गेला, मग दोन मोटारी, मग पुढच्या गाडीचा अंदाज घेत त्या फटीपर्यंत धावल्या. फटीत तिघी एकीमागे एक उभ्या राहिल्या, कारण शेजारी उभं राहायला तिथे जागा नाही. मुलीला मध्ये घेतलं होतं. गाड्यांच्या वाऱ्याने एकीचा पदर उडून कठड्याला अडकला, तो तिने सोडवला, आणि दुसऱ्या बाजूची गाड्यांची ओळ तुटेपर्यंत त्या तशाच उभ्या होत्या. मी विचारलं, ‘ताई, खालच्या पुलाखालून का नाही येत?’ त्या म्हणाल्या, ‘तिथं अंधार असतो, दादा. आणि पाणी साचलेलं असतं.’ कोणी त्यांना बेशिस्त म्हणेल. मी म्हणणार नाही. पुलाखाली दिवा लावणं आणि पाण्याला वाट काढून देणं हे काम त्यांचं नव्हे.

आम्ही रहिवाशांनी गप्प बसून सगळं सोसलं असंही नाही. निवेदनं दिली, सह्या गोळा केल्या, मोर्चे काढले, लोकप्रतिनिधींना घेऊन पाहण्या केल्या. त्यातून काही कामं झाली, ती मी नाकारत नाही. पण एक अनुभव इथल्या प्रत्येकाला आला आहे. एका कार्यालयात गेलं की सांगतात, मुख्य रस्ता आमचा, सेवा रस्त्याचं दुसरीकडे विचारा. दुसरीकडे गेलं की सांगतात, जागाच ताब्यात नाही. दिव्यांचं तिसरीकडे, अतिक्रमणाचं चौथीकडे, गाड्यांच्या तपासणीचं पाचवीकडे. ‘प्रस्ताव वर पाठवला आहे’ हे उत्तर सगळीकडे एकच. प्रत्येक जण आपापल्या हद्दीपुरता बरोबर असेलही. पण गाडीला हद्द कळत नाही. तिचा ब्रेक एकाच्या हद्दीत जातो आणि माणूस दुसऱ्याच्या हद्दीत मरतो.

म्हणून या पट्ट्याची सगळी जबाबदारी एका अधिकाऱ्याकडे द्यावी, ही आमची पहिली मागणी. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा रस्ता सुरक्षा समिती असते. तिने बोगदा ते वारजे एवढ्या पट्ट्यासाठी एक माणूस नेमावा, त्याचं नाव जाहीर करावं, आणि दर महिन्याला काय झालं व काय राहिलं ते लोकांसमोर मांडावं.

दुसरी मागणी टोलनाक्याची. खेड-शिवापूरला प्रत्येक अवजड गाडीचा वेग तसाही कमी होतो. तिथेच वजन आणि ब्रेक तपासा. जादा भरलेली गाडी तिथेच उतरवा. ही तपासणी अपघातानंतरच्या आठवड्यापुरती नको, बारमाही हवी. बोगद्याच्या आधी गाड्या बाजूला घेऊन ब्रेक थंड करायला मोकळी जागा द्या. आणि फलक मराठी-इंग्रजीबरोबर हिंदी, कन्नड, तमिळ आणि तेलुगूत लावा, कारण या रस्त्यावरचे चालक त्या मुलखांतले आहेत. फलकावर लांबलचक उपदेश नको. ‘पुढे मोठा उतार. गाडी गिअरमध्ये ठेवा. न्यूट्रल करू नका.’ एवढं पुरे. उतार संपेपर्यंत ते दर थोड्या अंतरावर पुन्हा दिसलं पाहिजे.

तिसरी मागणी वेगाची. एका ठिकाणी कॅमेरा लावला की तेवढ्या जागी वेग कमी होतो आणि पुढे पुन्हा वाढतो, हे कोणत्याही चालकाला ठाऊक आहे. वरच्या टोकाला आणि खालच्या टोकाला कॅमेरे लावून मधल्या अंतराला लागलेला वेळ मोजला, तर सगळा उतार गाडी कह्यात ठेवूनच उतरावी लागते. सरासरी वेग एक टक्क्याने वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका चार टक्क्यांनी वाढतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. रम्बलर हवेतच, ते डुलकी मोडतात. पण ज्या गाडीला ब्रेकच उरलेले नाहीत, तिला रम्बलर थांबवू शकत नाही.

म्हणून चौथी मागणी : उताराच्या डाव्या अंगाला, वस्ती सुरू होण्याच्या आधी, ब्रेक गेलेल्या गाडीसाठी सुटकेचा फाटा. चढावर नेणारी एक आखूड वाट, तिच्यात खोल, सैल खडी भरलेली. चाकं खडीत रुततात आणि गाडी थांबते. परदेशांतल्या डोंगरी रस्त्यांवर ही सोय जुनी आहे, आपल्या अभियंत्यांनाही ती ठाऊक आहे. ब्रेक गेल्याचं कळल्यावर चालकाला आज दोनच पर्याय असतात : समोरच्या गाड्यांवर आदळायचं किंवा गाडी कठड्यावर घालायची. त्याला तिसरा पर्याय द्या. जागेची अडचण आहे हे मला माहीत आहे. पण जागा शोधायचं म्हटलं तरच ती सापडेल.

पाचवी मागणी आमच्या रोजच्या जगण्याची. दोन्ही बाजूंना सलग सेवा रस्ता, त्याच्या कडेला चालण्यापुरता पदपथ, पुलांखाली दिवे आणि कोरडी वाट, ट्रॅव्हल्ससाठी महामार्गाबाहेर थांबा. रस्ता ओलांडण्यासाठी पादचारी पूल बांधायचा झाला, तर त्याला लिफ्ट हवी. नुसत्या उंच पायऱ्या बांधल्या तर डोक्यावर ओझं असलेली बाई आणि गुडघे दुखणारा म्हातारा तिकडे फिरकणारही नाही, आणि मग पूल असूनही लोक वापरत नाहीत अशी तक्रार करता येणार नाही.

यावर दोन आक्षेप नेहमी ऐकू येतात. एक, महामार्ग वेगासाठी असतो, तुम्ही तो अडवू नका. आठ किलोमीटरला ताशी ६० च्या वेगाने आठ मिनिटं लागतात, ४० च्या वेगाने बारा. बेंगळुरूहून मुंबईला निघालेल्या गाडीची चार मिनिटं जास्त जातील. तेवढी आम्ही मागतो आहोत. दुसरा आक्षेप, रावेतकडून उन्नत मार्ग व्हायचा आहे, वर्तुळाकार मार्ग व्हायचा आहे, मग सगळी अवजड वाहतूक बाहेरून जाईल. ते मार्ग व्हावेतच, लवकर व्हावेत. पण मोठं काम उभं राहायला वर्षं जातात. दिवे, फलक, कॅमेरे, खडीचा फाटा, गटारं आणि दहा-वीस ठिकाणी तुटलेला सेवा रस्ता यासाठी त्या मोठ्या कामाची वाट बघायचं कारण नाही. मधल्या वर्षांत जी माणसं जातील ती उन्नत मार्गाच्या उद्घाटनाला परत येणार नाहीत.

केंद्राच्या व्याख्येनुसार राष्ट्रीय महामार्गावरच्या ५०० मीटरच्या तुकड्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, किंवा दहा माणसं मेली, तर त्याला अपघातप्रवण ठिकाण म्हणतात, ज्याला सगळे ब्लॅकस्पॉट म्हणतात. नोंद हवी, मोजदाद हवी. पण ही व्याख्या माणसं गेल्यावर लागू होते. जिथे रोज लायनर जळतात, रोज गाड्या कठड्याला घासून जातात, रोज पादचारी दुभाजकात अडकतात, ती जागा धोक्याची आहे हे आम्हाला आधीच माहीत असतं. आमच्या सोसायट्यांत लोकांनी फोटो काढून ठेवले आहेत, तारखा टिपून ठेवल्या आहेत. थोडक्यात टळलेल्या अपघातांची ही नोंदही सरकारने पुरावा म्हणून घ्यावी. रस्त्याकाठी राहणाऱ्या माणसाइतकं त्या रस्त्याला कोणीच ओळखत नाही.

जबाबदारीचा प्रश्न कायद्यातही आला आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि कलम १९८अ आलं. रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या सुरक्षा मानकांप्रमाणे न केल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर रस्त्याचं खातं, ठेकेदार किंवा सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दंडाची रक्कम लहान आहे, पण तत्त्व मोठं आहे. अपघातात रस्ताही आरोपी असू शकतो, हे संसदेने मान्य केलं. मग यापुढच्या प्रत्येक मोठ्या अपघाताच्या चौकशीत चालकाच्या परवान्याबरोबर रस्त्याचीही तपासणी झाली पाहिजे, आणि तो अहवाल लोकांना वाचायला मिळाला पाहिजे.

देशात २०२२ या एका वर्षात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर मेली. त्यांतली १५ हजारांहून जास्त आपल्या महाराष्ट्रातली. यातला प्रत्येक जण कोणाच्या तरी दारासमोर पडला असणार, आणि पोलीस किंवा रुग्णवाहिका येण्याच्या आधी त्या दारातलीच माणसं धावली असणार. आमच्याकडेही तेच होतं. आवाज झाला की पोरं चप्पल न घालता पळतात, कोणी पाणी आणतं, कोणी चादर आणतं, कोणी १०८ ला फोन लावतो. पूर्वी लोक पोलिसांच्या झंझटीला घाबरायचे. आता कायद्यातल्या कलम १३४अ ने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आहे, तेव्हा वाचकांनीही कुठेही असले तरी न घाबरता पुढे व्हावं. पण जखमींना उचलणं हेच आमचं नशीब असं आम्ही मानायला तयार नाही.

ट्रक चालवणाऱ्या माझ्या भावांना एकच सांगतो : बोगदा ओलांडला की गाडी गिअरमध्ये ठेवा, पुढे आमची पोरं रस्ता ओलांडत असतात. आणि ज्यांच्या सहीने कामं होतात त्यांना विनंती : वर लिहिलेल्या पाच मागण्या एका कागदावर घ्या, प्रत्येकीपुढे जबाबदार अधिकाऱ्याचं नाव आणि काम पूर्ण होण्याची तारीख लिहा, आणि तो कागद नवले पुलाखाली सगळ्यांना वाचता येईल असा लावा. तारखा पाळल्या जातात की नाही, ते बघायला आम्ही इथेच आहोत.